पहिला उद्गार आता माझ्याकडे

अहो, काल पाळकसाहेब येऊन गेले. तुमच्या खुर्चीवर बसले नाहीत, पलंगाच्या कडेला टेकले आणि चहा अर्धाच प्यायले. तुम्हाला जाऊन अजून महिनाही झालेला नाही, म्हणून की काय, घरात शिरतानाच आवाज बारीक करून शिरले. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाले, "सरोजबाई, उत्तम शुक्रवार जवळ आलाय. मास्तरांचा पहिला उद्गार यंदा कोणाला द्यावा? मंडळीत असं निघालं, की त्यांच्या आठवणीखातर तुम्हीच घ्यावा." मी नुसतीच मान हलवली. दाराशी चपला घालता घालता मात्र त्यांनी हळूच पुस्ती जोडली, "तेवढं रक्ताविषयी जपून बोला हं. लोकांची मनं दुखायला नकोत." म्हणजे आपली लालबागच्या खोलीतली भांडणं ट्रामनं गिरगावच्या चर्चपर्यंत जाऊन पोचली होती तर. भिंती पातळ, दुसरं काय.

त्यांना वाटतं मी तुमच्या जागेवर उभी राहून तुमचीच वाक्यं म्हणेन. पण तुमची वाक्यं कुठली? सुरुवातीची वीस-बावीस वर्षं तुम्ही जी बोलत होतात ती, की शेवटच्या चार वर्षांत जी बोलत नव्हतात ती? हे मला तुम्हालाच विचारायचं होतं, आणि तुम्ही उत्तर न देता निघून गेलात. नवऱ्यांची ही जुनी खोड.

खरं तर पहिला उद्गार तुमचा नव्हताच. वधस्तंभावर प्रभू सात वेळा बोलला, म्हणून आपल्याकडे उत्तम शुक्रवारच्या दुपारी सात माणसं उठून एकेका उद्गारावर बोलतात. पोटात अन्नाचा कण नाही, बाहेर ऊन रणरणतंय, मागच्या बाकावरची म्हातारी मंडळी चौथ्या उद्गाराला पेंगायला लागतात. तिसरा उद्गार नेहमी बाईला, कारण त्यात आई आहे. आणि सहावा, सगळं पूर्ण झालं असं सांगणारा, तो शांतवन मास्तरांचा. सहाव्याला तुम्ही उभे राहिलात की पेंगणारेसुद्धा जागे व्हायचे. न्यायी देव पाप नुसतं सोडून देऊ शकत नाही, कोणीतरी ते भरून द्यायला हवं, आपल्यानं ते होत नाही म्हणून त्यानं स्वतःचा एकुलता एक मुलगा दिला आणि त्याच्या रक्तानं आपलं प्रायश्चित्त पूर्ण झालं. शाळेत व्याकरण शिकवावं तसं तुम्ही एकेक पायरी चढत जायचात. शेवटच्या पायरीवर बायका पदर डोळ्यांना लावायच्या.

मग आपण घरी यायचो. मी उपास सोडायला मऊ भाताची खिमटी टाकायची, आणि तुम्ही डोक्यावरची टोपी काढायच्या आधीच विचारायचात, "हं सरोज, बोल. कुठं चुकलो?"

आणि मी बोलायची. माझी जीभ कुठं माझ्या ताब्यात आहे! मी म्हणायची, घर सोडून गेलेल्या त्या धाकट्या मुलाची गोष्ट प्रभूनं स्वतः सांगितली ना? तो पोरगा डुकरांमध्ये राहून परत आला तर बाप रस्त्यावर धावत गेला, गळ्यात पडला. त्यानं असं म्हटलं का, की थांब, आधी थोरल्याला मारतो, मग तुला माफ करतो? तुम्ही म्हणायचात, बापानं वासरू तर कापलं होतं. मी म्हणायची, ते जेवायला कापलं, भरपाईला नाही. तेव्हा तुम्ही एवढे हसलात की खिमटी सांडली. पण मानलं नाहीत. "दृष्टांतात सगळंच नसतं, सरोज," असं म्हणून मोकळे झालात.

दुसऱ्या वर्षी मी वादात पहिला उद्गार काढला. वधस्तंभावरून तो म्हणाला, यांना माफ कर, यांना कळत नाही. म्हणजे तेव्हा तो जिवंत होता. श्वास चालू होता. बापानं ऐकलं असेल तर तेव्हाच ऐकलं असेल ना? की बाप म्हणाला, थांब, अजून मेला नाहीस? तुम्ही मिशीवरून बोट फिरवलंत. मग म्हणालात, "तुला कोणी नर्स केलं? तू वकील व्हायची."

आणि प्रभूच्या रक्तानं धुऊन शुभ्र झाल्याचं ते चर्चमधलं गाणं! त्यावर तर मी दर वेळी फिदीफिदी हसायची. अहो, परळच्या हॉस्पिटलात जन्म गेला माझा. रक्तानं काही धुतलं जात नाही, रक्त धुवावं लागतं, तेही गार पाण्यात मीठ टाकून. गरम पाणी घातलंत की डाग जन्माचा बसला. तुम्ही खोटं रागवायचात, "देवाच्या गोष्टीत तुझा धोबीघाट आणू नकोस." मी आणायचीच. तो वाद म्हणजे आपला संसार होता, आणि मला त्यात फार सुख होतं. हे तुम्हाला कधी बोलले नाही, आज बोलते.

आणखी एक बोलले नव्हते. आपल्याला मूल नाही. एकुलता एक मुलगा दिला, हे तुमच्या तोंडून इतकं सहज यायचं, तेव्हा मला कधी कधी आतून गलबलायचं, की यांना द्यायला मुलगा असता तर शब्द असे सरळ बाहेर आले असते का? पण ते बोलणं म्हणजे जखमेवर बोट ठेवणं झालं असतं. म्हणून तेवढ्यापुरती गप्प बसायची.

मूल नव्हतं, पण दिनू होता. समोरच्या खोलीतल्या पार्वतीकाकूंचा एकुलता एक. काकू वेंगुर्ल्याकडच्या, नवरा गिरणीत खोकून खोकून गेलेला. दिनू संध्याकाळी तुमच्याकडे इंग्रजी शिकायला यायचा आणि इंग्रजीपेक्षा माझ्या चपात्यांवर त्याचं लक्ष जास्त. तुम्ही त्याला क्रियापदं विचारायचात, तो तोंडात घास धरून उत्तरं द्यायचा. काकू दाराशी येऊन म्हणायच्या, "नर्सबाय, तेका इतक्या खावक घालू नकात, मगे घराकडचा गोड लागना नाय." आणि स्वतःच माशाची आमटी आणून ठेवायच्या.

मग ते दिवस आले. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं कळलं आणि गिरणगाव पेटलं. तुम्हीसुद्धा शाळा सुटल्यावर सभेला जाऊन यायचात, घसा बसवून. झालाच पाहिजे असं मीही वॉर्डात बँडेज बांधताना म्हणत होते. दिनू तर काय, त्या वयात पाय घरात ठरतात होय? एका दुपारी रस्त्यावर गोळीबार झाला. आमच्या वॉर्डात माणसं आणायला लागली. त्यात तो होता. मी त्याचा शर्ट कापायला गेले आणि ओळखला. पुढचं तुम्हाला माहीत आहे, परत लिहीत नाही.

काकूंनी तो शर्ट मागितला म्हणून मी घरी आणला आणि नळावर बसून धुतला. गार पाणी आणि मीठ. तुम्ही दारात उभे होतात. मी घासत होते, पाणी पुन्हा पुन्हा लाल होत होतं. मी मान वर केली नाही. डाग पुष्कळसा निघाला. सगळा नाही. त्या दिवसानंतर ते गाणं सुरू झालं की तुमचे ओठ मिटलेले असायचे. मी शेजारी उभी असायची, मला कळल्याशिवाय कसं राहील?

काकूंकडे माणसांची रीघ लागली. पुढारी आले, हार घेऊन आले. त्यातले एक म्हणाले, "माऊली, तुमच्या मुलाचं रक्त वाया जाणार नाही. त्याच्या बलिदानातून महाराष्ट्र उभा राहील." काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. मला मात्र वाटलं, ही भाषा मी कुठंतरी ऐकली आहे. ते गेले आणि तुम्ही पुढं झालात. तुमचा हेतू मला ठाऊक होता. तुमच्याकडे जे सगळ्यात मोठं होतं तेच तुम्ही तिच्या ओंजळीत ठेवायला गेलात. काकूंसमोर जमिनीवर बसून तुम्ही म्हणालात, "काकू, देवानंसुद्धा आपला एकुलता एक मुलगा दिला. तुमचं दुःख त्याला कळतं."

काकूंनी तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. "कोणाक दिल्यान?"

"अं?"

"तुमच्या देवान आपलो झील कोणाक दिल्यान, मास्तर?"

"म्हणजे... आपल्या पापांसाठी. देवाच्या न्यायासाठी."

"म्हंजे देणारो तो आणि घेणारो पण तोच? मगे मधी पोराक कित्याक मारल्यान?" काकू ओरडल्या नाहीत. भाजी महाग का म्हणून विचारावं तशा विचारत होत्या. "मिया गावच्या राखणदाराक दर वर्साक कोंबो देवक धाडलंय. माझ्या झिलाक मुंबईत सांभाळ म्हणान. पोराक वाचवक कोंबो देतत, मास्तर. कोणाक वाचवक कोण पोर देता? आणि तुमी सगळे दिलंय, दिलंय म्हणतास. मिया माझो झील देवक नाय. माझो झील नेल्यानी."

तुमचं तोंड मी त्याआधी तसं कधी बघितलं नव्हतं. वर्गात फळ्याकडे वळावं आणि खडूच नसावा, तसं. तुम्ही उठलात आणि घरी येऊन अंगरख्यासकट पलंगावर पडलात.

मी काय केलं असतं सांगा? इतकी वर्षं जो मुद्दा मी हसत, खिमटी ढवळत मांडत होते, तोच एका आईनं रडून रडून कोरड्या झालेल्या डोळ्यांनी मांडला होता. त्यावर माझं म्हणणं खरं ठरलं असं म्हणायला मी काय राक्षसीण आहे?

दोन महिन्यांनी उत्तम शुक्रवार आला. तुम्ही मला न सांगता पाळकसाहेबांना कळवलंत, की सहावा दुसऱ्याला द्या, मी पहिला घेतो. लोक कुजबुजले. तुम्ही उभे राहिलात आणि इतकं थोडं बोललात, की दुसऱ्या उद्गाराचे वक्ते घाईघाईनं उठताना बाकाला अडखळले. त्यानं मारणाऱ्यांसाठी माफी मागितली, आपणही मागू या, एवढंच. देवाचा न्याय नाही, भरपाई नाही, रक्ताचा थेंब नाही. पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्या वर्षी त्याहून थोडं.

आणि घरी आल्यावर टोपी काढलीत, खुंटीला लावलीत आणि विचारलं नाहीत. मी वाट बघत होते. शेवटी मीच म्हटलं, "आज विचारायचं नाही का, कुठं चुकलो म्हणून?" तुम्ही म्हणालात, "आता नको, सरोज." पुढं चार वर्षं तेच. आता नको. मी कधी चिडवून, कधी गोडीत, कधी रागावून विचारलं, की तुम्हाला माझं पटलंय का, की माझ्यावर राग आहे, की देवावर? तुम्ही मूग गिळून बसायचात. माणसं म्हणतात, मास्तर गेल्यावर सरोजबाई एकट्या पडल्या. मी एकटी पडले तेव्हा तुम्ही समोरच बसून पेपर वाचत होतात.

मधल्या काळात मी माझं माझं पुढं गेले. मला वाटायला लागलं, की प्रभूला देवानं मारलंच नाही. घाबरलेल्या राज्यकर्त्यांनी मारलं, शिपायांच्या हातून, रस्त्याच्या कडेला, जसं नेहमी मारतात. देव मारणाऱ्यांच्या बाजूला बसून भरपाई मोजत नव्हता. असलाच तर काकूंसारखा भिंतीला टेकून बसला असेल. आता राज्य मिळणार हे ठरलंय, चाळीत पताका कातरणं सुरू आहे, आणि मला आनंद नाही असं नाही. ते आपल्या हक्काचंच होतं. पण दिनू मेला म्हणून मिळालं, असं कोणी म्हणालं की वाटतं, हे तर गोळीचेच आभार मानताहेत. मिरवणुकीत लावायला दिनूचा फोटो मागायला पोरं आली होती. काकू म्हणाल्या, "तो पण देवचंय नाय." हे सगळं मला तुमच्यापुढं मांडून बघायचं होतं. तुम्ही त्यातली एखादी तरी खुंटी ढिली काढली असतीत. एकटीनं केलेला विचार खरा की खोटा, हे कळायचं कसं?

मग तुमचं हृदय थकलं. मी माझ्याच हॉस्पिटलात बाकावर बसून राहिले, इतर नातेवाइकांसारखी. ज्या दिवशी पाळकसाहेब प्रभुभोजन घेऊन आले, त्या दिवशी काकू पेज घेऊन आलेल्या होत्या आणि स्टुलावर बसल्या होत्या. प्रभूचं रक्त म्हणून प्यायचा तो प्याल्यातला रस मीच केलेला, मनुका उकळून, नेहमीसारखा. पाळकसाहेबांनी भाकर दिली, तुम्ही घेतलीत. प्याला दिला. तुम्ही दोन्ही हातांत धरलात, एक घोट घेतलात, आणि मला वाटलं परत द्याल. तुम्ही हात लांब करून तो काकूंच्या पुढं केलात. म्हणालात, "घ्या, काकू."

पाळकसाहेबांचा हात मध्ये आला आणि मध्येच थांबला. बाप्तिस्मा न झालेल्या बाईला तो प्याला! काकूंनी माझ्याकडे बघितलं, तुमच्याकडे बघितलं, आणि घेतला. पिऊन टाकला. पाळकसाहेबांनी बिचाऱ्यांनी प्रार्थना उरकली. त्यांना जिन्यापर्यंत पोचवायला मी बाहेर गेले तेव्हा म्हणाले, "ग्लानीत होते, बाई. मनाला लावून घेऊ नका." मी परत आले तोवर तुमचा डोळा लागला होता आणि काकू पेजेचं भांडं पदरानं पुसत होत्या. दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात. ग्लानी होती की उत्तर होतं, हे मला कळलं नाही. इतके दिवस तेच घेऊन बसले आहे.

काल पाळकसाहेब गेल्यावर मी काकूंकडे गेले. म्हटलं, मला चर्चमध्ये बोलायला सांगतायत, आणि मास्तर शेवटी काय मानत होते हे मला माहीत नाही. मी माझं बोलले तर त्यांच्या जागेवर उभी राहून त्यांच्याच विरुद्ध बोलल्यासारखं होईल. काकू तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "तुमका सांगूक नाय काय तेनी?"

"काय?"

"तुमी पाळकांका पोचवक भायर गेलात ना, तेव्हा. म्हणाले, काकू, तुमी इचारलात, कोणाक दिल्यान. चार वर्सा मिया शोधतंय. देवाक नाय, काकू. देवाक कायएक नको हुता. तो पोरगो आमका दिलेलो हुतो. आमीच मारलो." काकूंनी सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. "आणि हात जोडल्यानी. त्या दिवशी तुमका तसा बोललंय, माका माफ करा म्हणाले."

"मग तुम्ही?"

"मिया काय? केलंय माफ. माफी देवक काय लागता, नर्सबाय?"

मी तिथंच बसून रडले, अहो. तुम्ही गेलात त्या दिवशी एवढी रडले नव्हते. काकूंनी सूप बाजूला ठेवलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मुलगा ज्यांचा गेला त्या, आणि समजूत माझी.

मला का नाही सांगितलंत? आधी फार राग आला. चार वर्षं मी दार ठोठावत होते आणि तुम्ही उघडलंत ते समोरच्या खोलीत. मग घरी येऊन दिवा लावला आणि जरा शांत झाल्यावर कळलं. प्रश्न त्यांचा होता, म्हणून उत्तर आधी त्यांना. आणि मला सांगितलं असतंत तर मी म्हटलं असतं, बघा, मी म्हणत नव्हते? म्हटलंच असतं. तुम्ही मला पुरती ओळखून होतात. माझं जिंकणं तुम्हाला दिनूच्या जिवावर होऊ द्यायचं नव्हतं. पण आणखी चार दिवस राहिला असतात तर मला सांगितलं असतंत ना? एवढं मी धरून चालते आहे. चालू द्या.

पाळकसाहेबांना निरोप पाठवला आहे, की पहिला उद्गार मी घेते. जपून बोलेन, पण खरं बोलेन. दिनूचं नाव घेणार आहे, काकूंना विचारून. त्या म्हणाल्या, "मिया पण येतलंय. फाटल्या बाकार बसतलंय, कोणाक अडचण नको." मी म्हटलं, मागच्या नाही, पुढच्या. माझ्यासमोर.

तीन वाजता सगळं आटपेल. काकू आणि मी ट्रामनं लालबागला येऊ. त्या त्यांच्या खोलीत जातील. मी कुलूप काढीन, खिमटी टाकीन. तुमची टोपी खुंटीला आहे, तिथंच आहे. यंदा बोललेली मी असेन. कुठं चुकले, ते मला कोण सांगणार?